माझा नंबर लूर्डसकडे

१२ जानेवारी, रविवार

साठी ओलांडलेल्या माझ्या वसई-विरारकर बंधू-भगिनींनो, आपलं सगळ्यांचं दुखणं एकच आहे. ज्या गावात आपल्याला नावानं, घराण्यानं, नुसत्या चालीवरून ओळखतात, त्याच गावात, आपल्याच घरात, आपल्याच टेबलावरचं एक यंत्र आपल्याला विचारतं, तुम्ही तुम्हीच आहात कशावरून? आणि ज्यांनी आणीबाणी पाहिली, पाण्यासाठी मोर्चे काढले, ते आपण निमूटपणे चौकोनातल्या बसगाड्या शोधत बसतो!

सुरुवात बरी झाली. दोन फेब्रुवारीला माणिकपूरच्या ज्येष्ठ नागरिक संघात बोलायचं आहे. संघाचा अध्यक्ष श्रीपत, माझा शाळेपासूनचा मित्र. त्यानं विषय दिलाय ‘घरचा संगणक आणि आपण’. या विषयात मी अधिकारी आहे असं त्याला वाटतं. आहेच.

हे आज सुचलं त्याला कारण घडलं. सकाळी शांता फोन घेऊन आली. “अहो, माझी मेल उघडत नाही. पासवर्ड चुकीचा म्हणते.”

“चुकीचाच असणार. मी बदललाय.”

“माझा पासवर्ड? मला न विचारता?”

“सांगितलं होतं. जेवताना.”

“जेवताना तुम्ही किती गोष्टी सांगता! त्यातली माझी कुठली, ते मला कसं कळावं?”

मी तिला समजावलं. गेल्या महिन्यात गावोगाव जाऊन सायबर चोरांविरुद्ध बोललो. पासवर्ड पोराबाळांच्या नावाचा नको, घोषणेसारखा लांब आणि जळजळीत हवा, असं लोकांना सांगायचं आणि स्वतःच्या घरात मात्र गुलामगिरी ठेवायची? म्हणून दोघांचेही पासवर्ड बदलले. कागदावर लिहिले नाहीत, कारण लिहू नका असंही मीच सांगतो.

“मग सांगा की काय आहे तो.”

सांगता आला नाही. घोषणा माझीच आहे, पण माझ्या घोषणा पुष्कळ आहेत.

शांता शांतपणे म्हणाली, “मावशीची गाणी त्यात आहेत.” आणि आत गेली.

१३ जानेवारी, सोमवार

गाण्यांचं लिहून ठेवतो. शांतानं मागची काही वर्षं आमच्या गिरीजमधल्या, आसपासच्या वाड्यांतल्या म्हाताऱ्या बायकांकडून हळदीची गाणी फोनवर रेकॉर्ड केली. आपल्या घरच्या बोलीतली. मुलगी उन्नतीनं शिकवल्याप्रमाणे प्रत्येक गाणं ती स्वतःलाच मेल करून ठेवायची. पुढे तो फोन बंद पडला, आता गाणी आहेत ती फक्त मेलमध्ये. आणि शांताच्या मावशीचं एक गाणं असं आहे की ते दुसऱ्या कुणालाच येत नाही. मावशी गेल्या पावसाळ्यात गेली. शांताच्या भावाच्या नातीचं, इशिताचं लग्न आहे. एक तारखेला हळद. त्या गाण्याशिवाय मांडवात बसणार नाही, असं शांता म्हणत नाही. तिनं म्हणायला हवं. मी म्हटलं असतं.

दिवसभर घोषणा टाइप केल्या. ‘पाणी आमच्या हक्काचं’. ‘हिरवी वसई, आमची वसई’. शेवटी एक उद्गारचिन्ह, मग दोन. कॅप्स लॉक चालू, कॅप्स लॉक बंद. राउटरची वायर काढून परत लावली. चाळीस वर्षांची सार्वजनिक कारकीर्द मी त्या चौकोनात ओतली आणि यंत्र म्हणालं, फार वेळा प्रयत्न केलात, आता थांबा, नंतर या.

मला थांबा म्हणाले! मंत्र्यासमोर माइक न सोडणारा माणूस आहे मी.

कंपनीच्या मदतकक्षाला खणखणीत पत्र लिहिलं. सत्ता, मक्तेदारी आणि सामान्य माणसाची स्मृती, असं सगळं त्यात आलं. क्षणार्धात उत्तर आलं, “ही माहिती उपयुक्त वाटली का?” कोणती माहिती? लिहिलं तर मी होतं!

१४ जानेवारी, मंगळवार

उन्नती संध्याकाळी माणिकपूरहून आली. तिचं ऑफिस तिथेच स्टेशनजवळ. संगणकापुढे बसली आणि काही वेळानं वळून म्हणाली, “बाबा, ब्राउझर कुणी साफ केला?”

“मी. संगणक जड झाला होता. सगळा इतिहास पुसून टाकला. आता पळतोय बघ.”

“आईचं खातं यात उघडं होतं. तसंच राहिलं असतं तर गाणी नुसती उतरवून घेता आली असती.”

“मग कंपनीनं पुसू का दिलं?”

उन्नती आईकडे बघून हसली. शांता हसली नाही. तिळगुळाचा डबा पुढे सरकवत मला म्हणाली, “घ्या.” पुढचं जे म्हणायचं असतं ते म्हणाली नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

वाट सापडली, आणि बंदही झाली.

पासवर्ड विसरला तर यंत्र नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी पाठवतं. पडद्यावर त्या नंबरचे शेवटचे दोन आकडे दिसतात. उन्नतीनं वाचलं, “शेवटी सत्तेचाळीस. आई, तुझा तर नाही हा. कुणाचा?”

मला लगेच कळलं. स्वातंत्र्याचं साल शेवटी असलेला नंबर मी मुद्दाम मागून घेतला होता. शांताचं खातं उघडून दिलं तेव्हा माझाच नंबर घातला. साहजिकच आहे. आणि दोन पावसाळ्यांपूर्वी शाळेच्या छपरावरच्या मोबाइल टॉवरविरुद्ध सभा झाली, तेव्हा त्याच नंबरचं सिमकार्ड मी भर व्यासपीठावर पकडीनं तोडलं. टाळ्या थांबत नव्हत्या. तेव्हापासून मी मोबाइल वापरत नाही, घरचा फोन पुरतो. बँकेचं, गॅसचं सगळं उन्नतीनं तेव्हा निस्तरलं होतं. ही मेल कुणाच्या लक्षात आली नाही.

“नंबर परत मिळवू,” मी म्हटलं.

“बाबा, इतके दिवस बंद पडलेला नंबर कंपनी दुसऱ्याला देऊन टाकते.”

“माझा नंबर?”

शांता इतका वेळ शेवग्याच्या शेंगा सोलत होती. मान वर न करता तिनं विचारलं, “ती पक्कड अजून आहे का हो?”

आहे, म्हटलं. पंपाच्या खोलीत. कशाला हवी होती ते सांगितलं नाही तिनं.

१७ जानेवारी, शुक्रवार

आज मी माझ्याच नंबरवर फोन केला आणि एका बाईनं उचलला.

“हॅलो, कोन?”

“मी आत्माराम राऊत, गिरीजहून. बाई, तुमच्याकडे जो नंबर आहे तो माझा आहे.”

“तुमचा कसा? माझ्याकडं हाय ना.” मग एकदम, “थांबा. राऊत सर? भाषनवाले? अवो, तुमच्या नावानं मला किती फोन येतात! सभेला या, उद्घाटनाला या. मी सांगते, येते, मासळी विकून झाली की येते. मग ठेवतात.”

तिचं नाव लूर्डस. अर्नाळ्याला सुकी मासळी करते. बोलायला मोकळी. मला वाटलं काम झालं. तिला गाण्यांचं सांगितलं, मावशीचं सांगितलं, ओटीपी येईल तो मला वाचून दाखवा म्हटलं.

तिचा आवाज बदलला.

“ओटीपी? नाय, सर.”

“अहो, पण मी...”

“तुमीच सांगलं. आमच्या चर्चच्या हॉलात, नाताळाच्या आधी. सख्ख्या बापानं मागितला तरी द्यायचा नाय. गोड बोलनारा तर जास्त चोर. आमी बायांनी तुमच्या मागून तीनदा म्हटलं, आठवत नाय?”

आठवतं. तीनदा म्हणायला लावणं ही माझीच पद्धत.

“आनि तुमी राऊत सरच कशावरून?” म्हणाली, आणि ठेवला.

१८ जानेवारी, शनिवार

फोनवर ओळख पटत नाही, समोर पटेल. सकाळीच अर्नाळा गाठलं. किनाऱ्यावर बांबूंच्या रांगांवर बोंबील लटकलेले, खाली वाळूवर जाळ्यांवर जवळा पसरलेला. लूर्डस तिथेच उभी होती. पन्नाशीची, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, हातात कावळे हाकायची काठी.

“आलात? तेच ते. भाषनात दिसता तसेच.”

“म्हणजे ओळख पटली!”

“वळख पटली. ओटीपी नाय.”

मग मी बोललो. बंधूंनो, खरं सांगतो, अलीकडे इतकं चांगलं बोललो नव्हतो. एका बोलीचा मृत्यू म्हणजे काय, गाणं पुसलं गेलं की घराण्याचा कोणता खांब पडतो, नियम माणसासाठी की माणूस नियमासाठी! चार-पाच बायका काम टाकून जमल्या. एकीनं डोळे पुसले.

लूर्डस म्हणाली, “सर, जरा इकडं सरका.”

मला वाटलं जवळ बोलावते आहे. सरकलो.

“आनखी. मासळीवर सावली पडते तुमची. एवढा वेळ पडली, आता ही रांग सुकायची राहील.”

बायका हसल्या. डोळे पुसणारी सगळ्यात जास्त.

मी तसाच निघालो. मागून लूर्डस ओरडली, “खातं कोनाचं म्हणालात?”

“माझ्या बायकोचं.”

“मग बाई कुठं हाय?”

बाई घरी होती. हे असलं काम बाईला कशाला?

१९ जानेवारी, रविवार

शांताला सगळं सांगितलं. मासळी आणि सावलीचं वगळून. लूर्डसचा शेवटचा प्रश्न विनोद म्हणून सांगितला.

शांतानं विचारलं, “बस अर्नाळ्याला थेट आहे का हो?”

२१ जानेवारी, मंगळवार

शांता सकाळी एकटी अर्नाळ्याला गेली. मी येतो म्हटलं, नको म्हणाली. कागदावर मुद्दे लिहून देतो म्हटलं, तेही नको. वाडीतल्या केळ्यांचा एक फणा घेतला आणि गेली.

दुपारपर्यंत मी तीनदा फाटकाशी जाऊन आलो. जेवण झाकून ठेवलं होतं, गेलं नाही. तिला काय बोलता येणार? सभेत साधे आभार मानायला उभं केलं तरी ती दोन वाक्यांत खाली बसते. मी जे पाऊण तास बोलून करू शकलो नाही, ते ती काय करणार? आणि मग मनात आलं, तिनं केलंच तर? हा विचार मला आवडला नाही. आवडला नाही, म्हणूनच इथे लिहून ठेवतो.

संध्याकाळी परतली. हातात सुक्या बोंबलांची पुडी.

“काय झालं?”

“रविवारी येते म्हणाली. चर्चची मिस्सा आटोपून.”

“ओटीपी देणार?”

“नाही. मला पण नाही.”

“मग येऊन काय करणार?”

“आपल्या संगणकावर स्वतः टाकणार. कुणाला वाचून दाखवणार नाही, बोलणार नाही. तिच्या फोनवर आला, तिच्या हातानं टाकला. उन्नती म्हणते नेहमीच्या संगणकावरून, घरूनच केलं तर कंपनी लवकर मानते.”

“हे तू तिला पटवलंस कसं?”

“पटवलं नाही. बसले. बोंबील उलटायचे होते, ते उलटले. तिची पण एक आत्या गाणी म्हणायची. त्यावर बोलत होतो.”

“दिवसभर?”

“तुमचा नंबर मिळाल्यापासून तिला रोज दोन-चार फोन येतात म्हणे. ती म्हणाली, बाई, तुमी घरात कशा झोपता?”

२३ जानेवारी, गुरुवार

झोप नाही, वाचनात लक्ष नाही. पुस्तक उघडतो आणि तेच पान परत वाचतो. कंपनीनं तेवढ्यात खातंच बंद केलं तर? लूर्डस आलीच नाही तर? शांता मात्र स्वयंपाकघरात मावशीचं ते गाणं गुणगुणते आणि ठरावीक जागी थांबते. पहिलं कडवं येतं तिला. शेवटचं येतं. मधलं येत नाही. मधल्या कडव्यात नवरी आईला विचारते, विहिरीवरची माझी घागर आता कोण भरेल, इतकंच तिला आठवतं.

आज तिच्या थांबण्याच्या जागी मी म्हटलं, “काळजी करू नकोस, हा लढा आपण जिंकू.”

ती म्हणाली, “जरा गप्प बसाल? आत्ता येत होतं.”

२६ जानेवारी, रविवार

सकाळी दोन झेंडावंदनं, दोन भाषणं. घाईघाईनं घरी आलो तर फाटकात रिक्षा उभी. लूर्डस आली होती. मिस्साची साडी, केसात अबोलीचा वळेसर. उन्नतीही आलेली. तिघी संगणकाच्या खोलीत.

मी दारात उभा राहून म्हटलं, “आज प्रजासत्ताक दिनी, दोन भगिनी...”

“सर,” लूर्डस म्हणाली, “सावली.”

तिघीही हसल्या. म्हणजे शांताला सगळं कळलेलं होतं.

“तुम्ही बाहेर बसा,” शांता म्हणाली.

“मी? संगणक माझा आहे.”

“खातं माझं आहे. नवा पासवर्ड टाकायचाय. कुणी बघत असताना टाकू नये, असं तुम्हीच सांगता ना?”

दार लागलं. मी ओट्यावर बसलो. माझ्याच घरात, माझ्याच विचारांनी मला बाहेर काढलं होतं. उठलो, बसलो, परत उठलो. आतून उन्नतीचा आवाज, “आला? टाका.” मग कळफलकावर एकेका बोटाचा टक, टक. लूर्डस आकडे स्वतःशीसुद्धा पुटपुटत नव्हती. मग खूप वेळ काहीच नाही. मी खिडकीशी कान लावला. सभेत मला कधी कान लावावा लागत नाही.

आणि मग खिडकीतून मावशीचा आवाज आला. गेलेल्या माणसाचा आवाज दुपारच्या उन्हात इतका ठणठणीत यावा! मी ओट्याचा खांब धरला. पहिलं कडवं, टाळ्यांचा ठेका, मागे कोंबडी, रहाटाची करकर.

आणि त्यानंतर आणखी एक आवाज. खणखणीत, वरच्या पट्टीतला, मावशीच्या आवाजावर चढत गेलेला. कुणीतरी अंगणात भाषणाची तालीम करत होतं. मावशी दोन ओळी झगडली, मग हसली आणि रेकॉर्डिंगमध्येच म्हणाली, “शांते, तुझा नवरा थांबंल तवा मी गाते.” तो थांबला नाही. मावशीनं तशीच गात मधलं कडवं संपवलं आणि शेवटचं घेतलं.

आवाज माझा होता. रेकॉर्डिंग जुनं असूनही शब्दन्शब्द स्वच्छ ऐकू येत होता, हे नमूद करतो. मावशीचे तेवढे येत नव्हते.

मी दार ढकलून आत जावं की नाही ते मला ठरवता येईना. शेवटी लूर्डसनं विचारलं, “बाई, तुमाला हे म्हायत होतं?”

“होतं,” शांता म्हणाली. “म्हणूनच परत ऐकायचं होतं. सगळं दबलेलं नाही. खालून थोडं येतंय.”

२८ जानेवारी, मंगळवार

शांता कानात वायर घालून दोन दिवस तेच कडवं ऐकते आहे. उन्नतीनं गाणी उतरवून पेनड्राइव्हवर घेतली, तिच्या फोनवर घेतली, इशितालाही पाठवली. आता ती हरवणार नाहीत.

मी मदत करू गेलो. “तिथे मी काय म्हणत होतो ते मला आठवतंय. ते वजा केलं तर...”

“नको,” म्हणाली. “तुमचं मला पाठ झालंय.”

चिडून म्हणाली नाही. चिडली असती तर उत्तर होतं माझ्याकडे.

श्रीपतचा फोन आला, भाषण तयार आहे का? आहे म्हटलं. कंपनीची मक्तेदारी, यंत्राचा उद्दामपणा, सगळं आहे. वाचून बघितलं. वाक्यं चांगली आहेत. मात्र वाचताना सारखं वाटत राहिलं की यांच्याखाली आणखी काहीतरी चाललेलं आहे आणि ते मला ऐकू येत नाही. थकवा असेल.

१ फेब्रुवारी, शनिवार

हळद झाली. लूर्डसला बोलावलं होतं, आली. उखळाशी शांताच्या शेजारीच बसली. शांतानं गाणं उचललं. पोरी फोनवर ऐकून ऐकून तयार झालेल्या, त्यांनी ठेका धरला. मधलं कडवं आलं. घागर आली, आई आली, विहिरीचा काठ आला. शांतानं तीन ओळी सोडवल्या होत्या. चौथी तिला सापडली नव्हती. त्या जागी तिनं शब्द घातले नाहीत. नुसती चाल गुणगुणली, तोंड मिटून. सगळ्या बायकांनी तसंच केलं. इशिता रडायला लागली ती तिथे.

मी मांडवाच्या कडेला उभा होतो. त्या ओळीच्या जागी रेकॉर्डिंगमध्ये मी काय म्हणतो, ते मला माहीत आहे. “आपला आवाज कुणीही दाबू शकत नाही.” वाक्य चांगलं होतं, टाळ्याही मिळाल्या होत्या. आज मांडवात ते मनातल्या मनात म्हणून पाहिलं आणि अर्ध्यावर सोडलं.

घरी येताना शांताला विचारलं, “खात्यात आता नंबर कुणाचा घातलास?”

“माझा.”

“आणि पासवर्ड?”

तिनं चालण्याचा वेग वाढवला. तिला इतकं हसताना मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी तयार भाषण बाजूला ठेवलं. कंपनीवरचा राग खोटा नाही, तो पुन्हा कधीतरी. आज संघात एवढंच बोलणार आहे. श्रीपतला अर्धा तास हवाय. त्याला सांगेन, उरलेला वेळ बायकांना दे.

सभासद बंधूंनो, फक्त पुरुषांशी बोलतोय. तुमच्या बायकोची मेल तुम्ही उघडून दिलीत, तेव्हा त्यात नंबर कुणाचा घातलात? आठवून बघा. मान खाली घालू नका, माझ्याकडे बघा. तिच्या घरातलं, माहेरातलं, तिच्या मैत्रिणींचं काय काय त्यात साठलंय ते तुम्हाला ठाऊक नाही, आणि त्याची किल्ली मात्र तुमच्या खिशात. उद्या तुमचा फोन हरवेल, नंबर बदलेल, तुम्हीही जाल. मग ती कोणाच्या दारात उभी राहणार?

आज घरी गेल्यावर आधी चहा मागू नका. तिला तिचं खातं उघडू द्या, तुमचा नंबर तिच्याच हातानं काढू द्या आणि तिचा घालू द्या. ती पासवर्ड ठरवत असेल तोवर बाहेर ओट्यावर जाऊन बसा. आणि बसाल तेव्हा काही बोलू नका.